शिवेपल्याडचं मोहोळ

डोंगर चढायला मला कधीच आवडलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझ्यात निसर्गाची ओढ वगैरे शोधत बसणार नाही. मी ताडकळसचा. आमच्याकडं जमीन इतकी सपाट, की उंच काही बघायचंच असेल तर आठवडी बाजारातला मिरच्यांचा ढीग बघावा. पण नोकरी लागली ती विजेच्या लाइनी आखायची, आणि या लाइनींना डोंगराचं काय वेड असतं देव जाणे. जिथं शेळीसुद्धा दोनदा विचार करते तिथून त्यांना जायचं असतं.

काम काय होतं ते सांगतो. रानातून जाताना तुम्हाला तारा ओढलेले लोखंडी मनोरे दिसतात ना, ते उभे राहायच्या आधी कुणीतरी ती सगळी वाट पायी तुडवलेली असते. तो कुणीतरी म्हणजे मी. खडक कुठं, मुरूम कुठं, विहीर, देऊळ, घर कुठं आडवं येतं, लाइनीनं वळण कुठं घ्यायचं, हे ठरवायचं, दगडाला चुना फासायचा आणि पुढं निघायचं. हातात नकाशा असतो. पण नकाशावरचा डोंगर म्हणजे एकात एक काढलेल्या वाकड्या रेषा. त्यात बोराटी नसते, घसरण नसते, आणि झऱ्याचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं हे तर मुळीच नसतं. त्यासाठी तिथला माणूस पुढं लागतो.

चुना फासलेल्या दगडाचं एक सांगतो. जिंतूरकडच्या एका माळावर खूण करून आलो आणि पंधरवड्यानं परत गेलो, तर माझ्या दगडाला शेंदूर, पुढं नारळ फोडलेला, आणि एक म्हातारी हात जोडून बसलेली. म्हटलं, "आजी, ह्यो कामाचा दगड हाय, लाइनीचा."

म्हातारी म्हणाली, "मंग बिनकामाच्या दगडाला कोन पुजतंय, बाबा?"

लाइन चार पावलं सरकवली आणि दुसऱ्या दगडाला चुना लावला. या वेळेस लहान दगड बघितला, देव होण्याइतका ऐटदार नको म्हणून.

आणि तिथला माणूस म्हणजे ब्रह्मदेव असंही समजू नका. राणीसावरगावच्या अलीकडं एका आजोबांनी शपथेवर सांगितलं होतं, हितं खाली समदं पोकळ हाय, मनोरा उभा करू नका. खोदलं तर काळा पाषाण लागला, पहारी वाकल्या. आजोबांना बोलावून दाखवलं. ते खड्ड्यात डोकावून म्हणाले, "माझ्या लहानपनी पोकळ व्हतं." तर असं. ऐकायचं सगळ्यांचं, पण कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला काय वाटतंय यातला फरक ओळखायला माझी निम्मी नोकरी गेली.

या पुढं चालण्याच्या कामाचं आणि आमच्या घराण्याचं नातं जुनं आहे. माझे पणजोबा मोगलाईत गावचे वेसकर. वेशीवर राखण करायची आणि गावात कुणी साहेब, अंमलदार, मोजणीवाला आला की त्याच्या घोड्यापुढं चालत त्याला पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचं. ऊन असो, चिखल असो, घरात कुणी आजारी असो. शिवेवर पुढच्या गावचा वेसकर उभा. असे गावागावांतून लोक हातोहात पोचवत साहेबाला डोंगरापर्यंत न्यायचे, आणि मग साहेबानं डोंगर शोधला असं म्हणायचे. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आमच्या आजोबांनी ते काम सोडलं. मी या नोकरीला लागलो तेव्हा वडील म्हणाले, "आपली मानसं लय पिढ्या दुसऱ्याच्या म्होरं चालली. तू दुर्बिनीमागं हुबा ऱ्हा." त्यांना वाटलं मुलगा आता सावलीत उभा राहणार. मुलगा आयुष्यभर बोराटीत चालला ती गोष्ट वेगळी.

आता मूळ गोष्टीकडं येतो.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी गंगाखेड तालुक्यातल्या डोंगरांत एका लाइनीचं काम आलं. तिथं मला ती शिवेवरची रीत पहिल्यांदा डोळ्यांनी बघायला मिळाली. वेसकर नव्हते, मेंढरं-शेळ्यावाले होते. कुणाचा हुकूम नाही, कुणाची वेठ नाही, त्यांची आपापसातली रीत. प्रत्येकाचं रान ठरलेलं. आपल्या रानात आलेल्या परक्या माणसाला शिवेपर्यंत न्यायचं, तिथं दगडांचा ढीग असतो, आणि ढिगाच्या पलीकडं उभ्या असलेल्याला म्हणायचं, "मानूस शाबूत देतो." समोरचा म्हणणार, "शाबूत घेतला." तिथून पुढं त्या माणसाचा जिम्मा घेणाऱ्याचा. पाय मोडला, साप चावला, वाट चुकली तर बोल त्याला.

आम्हाला अशा एका ढिगापाशी घेतलं धुरपतमायनं. मेंढरांवाली, साठीच्या पुढची, खांद्यावर काळं घोंगडं, गालात तंबाखू आणि नाकावर राग. आधीच्या वाटाड्यानं "शाबूत देतो" म्हटलं, हिनं "घेतली" म्हटलं आणि लगेच माझ्या गुडघ्याकडं बघून त्याच्यावरच ओरडली, "आरं, ह्यो तर लंगडतोय! ह्याला शाबूत म्हनत्यात व्हय?"

आम्ही चौघं. मी, ड्रायव्हर सलीमभाई, बालाजी नावाचा गडी, आणि रेश्मा. रेश्मा झरीची. तिशीतली, घरी लहान मुलगी, नवरा शेती बघायचा. ती ड्रोन उडवायची. या ड्रोनविषयी आमच्या वयाच्या लोकांनी नाक मुरडायची पद्धत आहे, मी ते करणार नाही. जे बघायला मला आठ-आठ दिवस तंगडतोड करावी लागायची ते रेश्मा दुपारच्या आत पडद्यावर आणून ठेवायची. धुरपतमाय त्याला भिंगरी म्हणायची. दोघींचं चांगलं जमलं होतं. माय तिला जवळ बसवून भिंगरीतून आपली मेंढरं मोजायला लावायची आणि मोजणी चुकली की तिला टपली मारायची.

होळी होऊन गेली होती. ऊन तापलेलं, पळस पेटल्यासारखा फुललेला. धुरपतमायच्या रानाची शीव एका डोंगराच्या धारेवर होती. दगडांचा ढीग, पलीकडं खोल दरी, आणि दरीपल्याड काळा कडा. त्या बाजूचं रान दुसऱ्यांचं. तिथला माणूस आम्हाला घ्यायला येणार होता, पण तो सोयऱ्याकडं लग्नाला गेला होता. आम्ही ढिगाशी टेकून वाट बघत बसलो.

धारेवर फोनला थोडी रेंज होती, तीच नडली. कचेरीतल्या साहेबांचा फोन आला. काम का थांबलं? म्हटलं, पुढचा वाटाड्या नाही. ते म्हणाले, "वाटाड्या माणसाला लागतो. ड्रोनला कशाला लागतो?"

मी धुरपतमायला विचारलं. तिनं तंबाखू थुंकली. "व्हळी झाल्यावर तिकडं जायचं नसतंय."

"का?"

"का ते त्यांचं त्यांना म्हाईत. आमी मेंढरं घालीत न्हाई."

"पण आहे काय तिकडं? वाघरू? दरड?"

"मी कव्हा गेलेय का? माज्या सासऱ्यानं सांगितलं, जायचं न्हाई. आमी गेलो न्हाई."

आता हे मी साहेबांना काय सांगू? कचेरीत 'नाही' चालत नाही, 'नाही, कारण' लागतं. आणि ते कारण मायपाशी नव्हतं. ते पलीकडच्या माणसापाशी होतं, आणि पलीकडचा माणूस वऱ्हाडात जेवत होता. मी तरी म्हटलं, उद्या करू. साहेब म्हणाले, आज. माझा आवाज चढला, त्यांचा माझ्यापेक्षा चढला. शेवटी रेश्माच म्हणाली, "सर, कशाला भांडताय? मी कुठं शीव ओलांडायलेय? मी ढिगाच्या अलीकडंच. ओलांडील ते ड्रोन ओलांडील."

धुरपतमायसुद्धा हसली. म्हणाली, "भिंगरीला कुठलं आलंय रान!" आणि भिंगरी उडाली.

आम्ही सगळे पडद्याला चिकटलो. दरी गेली, पळस गेले, कडा जवळ आला. कड्याच्या पोटात, जिथं दगड पुढं आलेला होता, तिथं काळी गोणपाटं टांगल्यासारखं काहीतरी दिसत होतं. एक, दोन, मग रांगच. रेश्मानं भिंगरी आणखी जवळ नेली. त्या गोणपाटावरून एक लाट सरकली. वाऱ्यानं ज्वारी हलावी तशी.

"आगं माय माय माय," धुरपतमाय म्हणाली, "आग्या!"

आग्या मोहोळ म्हणजे साधं घरातलं मधाचं पोळं नव्हे. या माश्या बोटाच्या पेराएवढ्या, उघड्यावर पोळं बांधतात, आणि चिडल्या तर बैल आडवा करतात. फुलोऱ्याच्या दिवसांत त्या कड्याला येतात हे आता आम्हाला कळलं, कळायचं तेव्हा नाही.

रेश्मा घाबरली आणि तिनं जे कुणीही ड्रोनवाला करील तेच केलं. परतीचं बटण दाबलं. ते बटण दाबलं की ड्रोन जिथून उडालं तिथंच, सरळ रेषेत, न चुकता परत येतं. ते आलं. आणि त्याच्यामागं ती सगळी फौज आली. आधी आवाज आला, लांबून ट्रक घाट चढतोय असा. मग कड्याकडचं आभाळ काळवंडलं.

"बसा! तोंड खाली! हात झाडू नगा!" मायनं घोंगडं माझ्या आणि बालाजीच्या अंगावर फेकलं आणि स्वतः आत घुसली. सलीमभाईनं ताडपत्री ओढून घेतली. मी ओरडलो, "रेश्मा, टाक ते! आत ये!" पण ती उभीच होती. यंत्र महागाचं, तिच्या नावावर दिलेलं, ते नीट उतरवायला ती उभी राहिली. उतरवलंही. तेवढ्यात पहिल्या माश्या तिच्या तोंडावर बसल्या आणि ती किंचाळून पळत सुटली. कुणीकडं पळतेय याचं भान तिला कुठलं? दगडांचा ढीग ओलांडून ती उतारावरून दरीत गेली.

घोंगड्याखाली आम्ही तिचं ओरडणं ऐकत होतो. ते लांब लांब जात होतं. मग दगड घरंगळल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. ओरडत होती तोवर बरं होतं.

माश्यांचा जोर जरा ओसरला, बऱ्याचशा तिच्यामागं गेल्या होत्या, तसा मी उठायला लागलो. मायनं मनगट धरलं.

"कुठं?"

"कुठं काय? खाली!"

"खालची वाट मला म्हाईत न्हाई." तिनं मनगट सोडलं नाही. "कुठं पाय ठिवावा, कुठं कडा तुटलाय, मला ठावं न्हाई. तू पडलास तर तुला कोन आननार? ती माज्या शिवंत न्हाई, अन् पल्याड कुनी घेतलेली बी न्हाई. मधीच अडकलीया बिचारी." आणि ती डोळ्याला पदर लावून रडायला लागली.

मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, रडायची वेळ आहे का ही? काहीतरी सुचव! ती तशीच नाक ओढत उभी राहिली, घोंगडं डोक्यावर, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि दरीत हाळी दिली.

"ओऽऽ पारूऽऽ!"

पारू म्हणजे त्या लग्नाला गेलेल्या माणसाची बायको. शेळ्या राखायला ती मागं राहिली असणार हे मायनं ओळखलं. दोनदा हाळी वाया गेली. तिसऱ्यांदा खालून, बऱ्याच लांबून, बारीक आवाज आला.

"कोऽऽन?"

"मी धुरपताऽऽ! आग्या उठलंय! आमचं मानूस तुमच्याकडं पडलंय! बाईमानूस!"

"वरडायलीय काऽऽ?"

"न्हाईऽऽ!"

मग आवाज आला, आता जवळून, धापा टाकत.

"येक जन खाली सोड! घोंगड्यात! मी सांगते तसा ये म्हनावं! पळू नगं म्हनावं!"

मी घोंगडं पांघरलं आणि ढीग ओलांडला. वडिलांनी मला दुर्बिणीमागं उभं केलं होतं आणि मी आता सगळ्यांच्या म्होरं, एकटा, अशा रानात निघालो होतो की जिथला एक दगडधोंडाही मला माहीत नव्हता. खालून पारूचा आवाज, वरून मायचा. मी दिसत होतो मायला, वाट माहीत होती पारूला. माय ओरडायची, "मोठ्या दगडापाशी आलाऽऽ!" पारू ओरडायची, "उजवीकडं नगं! उजवीकडं तुटलंयऽऽ! झाडाच्या सावलीनं ये!" असं दोघींनी मिळून मला उतरवलं. घोंगड्यात घामाच्या धारा, कानाशी माश्यांची घरघर, दोन माश्या मानेवर डसल्या तर कुणीतरी तापलेली सळई टोचल्यासारखं झालं. हात झाडायचा नाही. गुडघा म्हणत होता बस, मी म्हणत होतो चल.

रेश्मा एका घळीत पळसाखाली पडलेली सापडली. तोंड ओळखू येत नव्हतं. डोळे सुजून मिटलेले, केसांत माश्या गुंतलेल्या, अजून डसत होत्या. श्वास होता, पण तुटक. मी घोंगडं तिच्यावर टाकलं आणि वर पालथा झालो. माझ्या पाठीला जे काय झालं ते होऊ दे म्हटलं. "रेश्मा, बाळा, उठ," एवढंच म्हणत होतो. ती उलटी करत होती.

तेवढ्यात धुराचा वास आला. पारू घळीतून वर येत होती. काटकुळी, चाळिशीची बाई. डोक्यावर घमेलं, घमेल्यात पेटत्या गोवऱ्या, वर ओला पाला. धूर असा की तिचं तोंड दिसत नव्हतं. घमेलं खाली ठेवून तिनं पहिल्यांदा मला शिव्या घातल्या. त्या इथं छापता येणार नाहीत. मग रेश्माच्या केसांतल्या माश्या बोटांनी चिमटून काढल्या, स्वतःचा पदर फाडून तिचं डोकं-तोंड गुंडाळलं, आणि म्हणाली, "उचल. तू म्होरं. मी मागून धूर धरते."

मी रेश्माला खांद्यावर घेतली. पारू मागं, घमेलं हातात, वारा कुठून येतो ते बघून कधी डावीकडं कधी उजवीकडं सरकत. माश्या आणि आम्ही यांच्यामध्ये ती होती. चढाव संपता संपेना. ती मागून सांगत होती, हितं पाय ठिव, तिथं नगं, त्या मुळीला धर. शेवटी दगडांचा ढीग दिसला. पलीकडं धुरपतमाय हात पुढं करून उभी.

पारू ढिगाच्या अलीकडं थांबली. घमेल्यातली आग विझत आली होती. तिनं रेश्माकडं बघितलं.

"शाबूत कसं म्हनू?" ती म्हणाली. "जित्ती देते."

"जित्ती घेतली," माय म्हणाली.

पारू म्हणाली, "जाते. शेळ्या सुट्या हाईत." आणि वळली.

आम्ही घोंगड्याची झोळी केली आणि रेश्माला घेऊन जीपकडं पळत सुटलो. गाडी धारेखाली, कच्च्या रस्त्यावर. रेश्माला मागच्या सीटवर निजवलं, बालाजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला, सलीमभाईनं गाडी सुरू केली. मी चढणार, तोच धुरपतमायनं माझी बाही धरली.

"दादा, पारूच्या डोक्यावर पदर नव्हता."

मला कळेना.

"पदर हिच्या तोंडाला गुंडाळलाय. पारू उघड्या डोक्यानं मागं चालत व्हती. तिला किती डसल्या कुनी बघितलं?"

कुणी बघितलं नव्हतं. धुरात कुणाला काही दिसलंच नव्हतं. गाडी एक, गंगाखेडचा दवाखाना लांब, आणि रेश्माचा श्वास आता शिट्टीसारखा वाजत होता. गाडी थांबवता येत नव्हती. मी दार लावलं आणि सलीमभाईला म्हटलं, "तुम्ही निघा. मिनिटभर कुठं थांबू नका." गाडी धुरळा उडवत गेली. मी आणि माय परत धार चढायला लागलो.

ढिगापाशी येऊन मायनं हाळी दिली. "पारूऽऽ!" उत्तर नाही. पुन्हा दिली. नाही. पलीकडं माश्या शांत झाल्या होत्या आणि खाली कुठंतरी शेळ्या ओरडत होत्या. माय ढिगाकडं बघत उभी राहिली. लग्न होऊन या रानात आल्यापासून तिनं तो ढीग ओलांडला नव्हता. तिनं लुगड्याचा ओचा वर खोवला, "चल, काय व्हायचं ते हू दे," म्हणाली, आणि माझ्याआधी पलीकडं गेली.

पारू फार लांब नव्हती. एका खडकाच्या सावलीत बसल्या जागी कलंडली होती. पालथं घमेलं शेजारी, मुठीत एका शेळीचं दावं. ओठ, कान, मान सगळं सुजलेलं. माय तिच्या शेजारी मटकन बसली आणि तिच्या पाठीवरचे काटे नखांनी काढत मोठ्यानं रडायला लागली. "आगं बोल की गं, भवाने!" पारूच्या घशातून आवाज आला, शब्द नव्हता. पण आवाज होता.

मी तिला पाठीवर घेऊन धारेखालच्या रस्त्यापर्यंत आणली. मायच्या पुतण्याची मोटारसायकल होती, तो हाळी ऐकून आला होता. तो पुढं, मध्ये पारू, मागं तिला धरून मी. त्या खडबडीत रस्त्यानं तिघं कसे गेलो, आठवलं की आजही अंग शहारतं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर. मी म्हणत होतो, "पारूबाई, बोला. शिव्या द्या. मघाशी दिल्या तशा द्या." एकदा तिनं खरंच दिली, अर्धवट. मला इतका आनंद झाला की मी रडलो. मग ती गप्प झाली आणि दवाखान्याचं फाटक येईपर्यंत गप्पच राहिली. मी तिच्या नाकासमोर हात धरून बसलो होतो.

दोघींनाही डॉक्टरांनी आत घेतलं. सुया लावल्या, सलाइन लावलं, आणि आम्हाला बाहेर काढलं. रेश्माचा नवरा आईला घेऊन झरीहून आला. त्यानं माझी कॉलर धरली आणि म्हणाला, "तुमच्या भरवशावर पाठवली होती." मी सोडवून घेतली नाही. त्याची आई त्याला ओढत होती, तो ऐकत नव्हता. मग दार उघडून नर्स बाहेर आली, म्हणाली झरीवाली आता धोक्याबाहेर आहे, तेव्हा तो तिथंच खाली बसला. मी विचारलं, आणि दुसरी? नर्स म्हणाली, तिला वेळ लागेल, तिच्या अंगात जास्त काटे होते.

वेळ लागला. पारूचा नवरा लग्नातून तसाच आला, गळ्यात अजून मानाचा टॉवेल. तो, मी, सलीमभाई, रेश्माचा नवरा, सगळे एका बाकावर. शेवटी तिनं डोळा उघडला. एकच उघडत होता.

कचेरीत मी लाइन वळवायचं लिहून दिलं. कारण विचारलं, तर आता कारण होतं. लाइन वळली. हळहळ एवढीच, की ते कारण मिळवायला दोन बायांना मरणाच्या दारात जावं लागलं, आणि त्या साहेबांना मी आणखी चार शब्द चढ्या आवाजात का बोललो नाही असं मला अजून वाटतं.

दोघींच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. तिसऱ्या दिवशी मी केळी घेऊन गेलो तेव्हा दोघींचीही तोंडं रोडग्यासारखी सुजलेली. धुरपतमाय मध्ये फरशीवर बसून दोघींना चहात बुडवून पाव भरवत होती आणि दोघींवर ओरडत होती. रेश्मा बराच वेळ पारूकडं बघत होती. मग तिचा बांध फुटला.

"मावशी, तुमी मला वळखत पण नव्हत्या," ती म्हणाली. "कशाला आलात माझ्यासाठी? तुमची पण लेकरं हाईत की."

पारूला बोलायला त्रास होत होता. तिनं पाव गिळला, एक डोळा तिच्याकडं वळवला.

"वळख कशाला लागती?" ती म्हणाली. "तू आमच्या शिवंत व्हतीस."